क्राइस्टचर्च हल्ला आणि राजकीय नेतृत्व
न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी एका श्वेतवर्चस्ववाद्याने दोन मशिदींत गोळीबार केला; त्यात ५१ जणांचा बळी गेला. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याच दिवशी त्याला दहशतवादी हल्ला म्हटले. दुसऱ्याच दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन त्या शोकाकुल कुटुंबीयांना भेटल्या. संसदेत ‘अस्सलाम आलैकुम’ म्हणून सुरुवात करत, मारेकऱ्याचे नाव कधीही उच्चारणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. नेतृत्वाची खरी कसोटी मात्र पुढे लागली. महिन्याच्या आत बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारे विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. गुप्तचर यंत्रणांचे लक्ष अवाजवीपणे इस्लामी दहशतवादावरच केंद्रित होते, असे या हल्ल्याच्या चौकशी आयोगाने नोंदवले. त्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये आर्डर्न यांनी सरकारतर्फे माफी मागितली.