वीज पडली लांब, टीव्ही जळाला घरात: असं का होतं?

परतीच्या पावसातली संध्याकाळ. मालवण तालुक्यातल्या कट्ट्यासारख्या गावात लांब कुठेतरी वीज पडते आणि घरातला टीव्ही किंवा वायफाय राऊटर बंद पडतो. घरावर तर काहीच पडलेलं नसतं. मग हे नुकसान कसं होतं?

11 केव्हीची लाइन, 75 केव्हीची परीक्षा

गावातल्या डीपीपर्यंत येणारी लाइन बहुधा 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची असते. पण वीज पडली की तारेतून याच्या कित्येक पट दाबाची लाट धावते. ती सोसण्याच्या ताकदीला ‘बेसिक इन्सुलेशन लेव्हल’ म्हणजेच ‘बीआयएल’ म्हणतात. 11 केव्हीच्या इन्सुलेटरसाठी ती साधारण 75 केव्ही असते, तर 33 केव्हीसाठी 170 केव्ही.

ही ताकद प्रयोगशाळेत तपासतात. तिथे दिलेला कृत्रिम झटका 1.2 मायक्रोसेकंदात शिखर गाठतो आणि 50 मायक्रोसेकंदात निम्म्यावर येतो.

मग अरेस्टर कशाला?

तारेवर थेट पडलेली वीज 75 केव्हीची मर्यादा सहज ओलांडते. म्हणून डीपीवर लाइटनिंग अरेस्टर असतो. दाब तिथवर पोचण्याआधीच तो लाट जमिनीत सोडतो. त्यासाठी अर्थिंग चांगलं हवं, आणि कोकणातल्या कोरड्या जांभ्यात ते मिळवणं सोपं नसतं.

घरात उतरती भाजणी

230 व्होल्टच्या घरगुती जोडणीसाठीही आंतरराष्ट्रीय मानकात असे आकडे ठरलेले आहेत:

- मीटरजवळ: 6 केव्ही
- वायरिंग, एमसीबी: 4 केव्ही
- फ्रिज, मिक्सर: 2.5 केव्ही
- नाजूक इलेक्ट्रॉनिक्स: 1.5 केव्ही

म्हणजे उरलेली लाट घरात शिरली की सगळ्यात आधी बळी जातो तो नाजूक सर्किटचा.

एमसीबी वाचवत नाही का?

नाही. एमसीबी पडायला काही मिलिसेकंद लागतात, लाटेचं काम मायक्रोसेकंदांत झालेलं असतं. नुसतं बटण बंद करूनही भागत नाही, कारण स्विचमधली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते.

तुम्ही काय कराल?

आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा. डिश आणि इंटरनेटची केबलही काढा, लाट तिथूनही येते. विजा चमकू लागल्यावर मात्र त्यांना हात लावू नका. मुख्य बोर्डात ‘सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस’ बसवता येतं, पण आधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच नसेल, तर लाटेला जमिनीकडे जायला वाटच मिळत नाही.