सोप्या वाटेचा इतिहास

डोंगरात सायकल चालवावी ही कल्पना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला सुचली असे सांगितले, तर ते खोटे होईल. ती सुचली माझ्या पुतणीला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या टॅमलपाइस डोंगराच्या पायथ्याशी तिने मला नेऊन उभे केले, भाड्याने आणलेली जाड टायरांची सायकल हाती दिली आणि म्हणाली, "काका, घाबरू नका. ही नवशिक्यांची वाट आहे."

मी पुण्यात वाढलो, तेव्हा सायकल मला नवी नव्हती. पण पुण्याच्या सायकलीचा डोंगराशी संबंध पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि तिथेच संपतो. समोर अडीच हजार फुटांचा डोंगर होता. मी विचारले, "ही वाट सोपी केली कोणी?" तिला वाटले, काका वेळ काढताहेत. ते थोडेसे खरेही होते. पण प्रश्नही खरा होता, आणि पुढचे काही आठवडे मी त्याच्याच मागे होतो.

वाट केली ती आगगाडीने. १८९६ साली मिल व्हॅली या गावापासून टॅमलपाइसच्या माथ्यापर्यंत सव्वाआठ मैलांचा लोहमार्ग टाकण्यात आला. डोंगरावरून दिसणारा समुद्र आणि शहर पाहण्याची हौस असलेल्या, पण चालण्याची नसलेल्या माणसांसाठी हा खटाटोप होता. वर एक प्रशस्त उपाहारगृह बांधले होते. म्हणजे डोंगर चढून जाण्याला भुकेचे निमित्तही झाले. या मार्गाला २८१ वळणे होती आणि जगातील सर्वांत वाकडा लोहमार्ग अशी त्याची जाहिरात होत असे. सर्वांत लांब सरळ तुकडा अवघा ४१३ फुटांचा. एके ठिकाणी तर उतारावर रूळ एवढे वळत की, थोड्याशा जागेत एकाखाली एक अशा त्यांच्या पाच ओळी दिसत.

ही वळणे हौसेची नव्हती. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ सहन करीत नाही, ते घसरते. म्हणून आखणी करणाऱ्यांनी ठरविले की, शंभर फुटांत सात फुटांपेक्षा अधिक चढायचे नाही. मग त्यासाठी डोंगराला कितीही वळसे घालावे लागोत. सगळा हिशेब काढला तर सव्वाआठ मैलांत सुमारे २२०० फूट, म्हणजे सरासरी शेकडा पाच. आपल्याकडे याच सुमारास, १९०४ ते १९०७ च्या दरम्यान, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून माथेरानला गाडी नेली. तिचा चढ वीस फुटांस एक फूट, म्हणजे शेकडा पाच. दोन्हीकडचा डोंगर वेगळा, धनी वेगळे, रुळांची रुंदीही वेगळी. पण थंड हवेच्या ठिकाणी सुखाने पोहोचू पाहणाऱ्या माणसाचे गणित एकच. माथेरानची गाडी आजही मनात घर करून आहे. टॅमलपाइसची मात्र इतिहासजमा झाली.

तिच्या एंजिनांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ती साधी एंजिने नव्हती. वाफेचा दट्ट्या थेट चाकाला न जोडता मध्ये दातेरी चक्रे घातलेली असत. त्यामुळे एंजिन हळू चाले, पण जोर मोठा लागे. ते गाडीच्या पुढे नसे, मागे राहून डबे वर ढकलीत असे. उतरताना तर काही डब्यांना एंजिनच नसे. उघड्या गाडीत उतारू बसवायचे, ब्रेक एका माणसाच्या हाती द्यायचा आणि गाडी सोडून द्यायची! खालच्या म्यूर वनातल्या प्रचंड रेडवुड वृक्षांकडे १९०७ पासून अशा गाड्या जात. वेग ताशी दहा-बारा मैल. वाटेत लोहमार्गाच्या पश्चिम टोकावर रेल्वेने १९०४ मध्ये एक विश्रामगृह बांधले. तिथून उतारू घोड्यांच्या टप्प्याने समुद्राकाठी जात. ते लाकडी घर अजून उभे आहे. त्याच्या ओसरीवर मी पहिल्यांदा घाम पुसला.

पुढे मोटार आली. डोंगरावर मोटारींचा रस्ता झाल्यावर गाडीने जाणार कोण? १९२९ च्या जुलैत डोंगराला मोठी आग लागली, शंभरावर घरे जळाली. त्याच वर्षी गाडी थांबली आणि १९३० मध्ये रूळ उपटले गेले. वाट मात्र राहिली, आणि तीही आगीच्याच धाकाने. वणवा लागला तर बंब न्यायला रुंद कच्ची सडक हवी, म्हणून ती मोकळी ठेवण्यात आली. मधला काही भाग घरांच्या आणि डांबराच्या पोटात गेला, तेवढाच काय तो गेला.

आता सायकलीकडे येतो. डोंगरी सायकलीचा इतिहास सांगणारे सगळे याच परगण्यात येतात, पण या वाटेवर येत नाहीत. ते जातात फेअरफॅक्स गावाजवळच्या दुसऱ्या एका सडकेवर. १९७० नंतरच्या काळात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि त्यांची मित्रमंडळी जुन्या बाजारातून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या भक्कम श्विन सायकली उचलून आणीत आणि त्यांवरून डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार! मागे पायडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे की, चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेस नवे भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा, असे पडले. फिशरने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत कापला. वेंडी क्रॅग ही त्याच घोळक्यातली बाई. तिने काढलेली छायाचित्रे पाहिली म्हणजे या पोरांच्या आयांची दया येते.

या शूरांचे कौतुक मला कमी नाही. पण रीपॅकवर सायकल फक्त खाली येत असे. वर नेताना ती ढकलावी लागे, नाहीतर मालमोटारीत टाकावी लागे. नवशिक्याला त्यात जागा नव्हती. ती जागा झाली गिअरमुळे. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीतल्या एका शर्यतीला कुपर्टिनोहून काही जण आले. त्यांच्या जाड टायरांच्या सायकलींना साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारी यंत्रणा होती. मरीनच्या पोरांनी ती पाहिली आणि उचलली. १९७७ मध्ये ब्रीझने मुद्दाम या कामासाठी नवी सायकल घडविली, १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी दुकान मांडले. माझ्या मते खरा पालट गिअरचा. पाय भरभर फिरवायचे आणि हळू पण जोराने वर जायचे, हीच ती जुन्या एंजिनाची युक्ती! आगगाडी गेली त्या वाटेने पन्नास वर्षांनी तीच दातेरी चक्रे परत आली, हे मला त्या विश्रामगृहाच्या ओसरीवर लक्षात आले आणि पुतणीला मी ते लगेच, तिला नको असताना, सांगितले.

डोंगरी सायकलींच्या वाटांना पुढे बर्फावरच्या घसरवाटांसारख्या खुणा देण्यात आल्या. हिरवे वर्तुळ सोप्या वाटेचे, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा कठीण. हिरव्या वाटेची सरासरी चढण शेकडा पाचच्या आत असावी, असा दंडक आहे. आकडा ओळखीचा वाटला ना?

एक गोष्ट मात्र सलते. १९८० नंतर सायकली वाढल्या, तशा चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारीही वाढल्या. या डोंगराचा मोठा भाग पाणीपुरवठा मंडळाचा. तिथे सायकलींना रुंद सडका मोकळ्या राहिल्या आणि अरुंद पायवाटा बंद झाल्या; ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली आणि रक्षक वेग मोजायचे यंत्र घेऊन झाडाआड उभे राहू लागले. हा वाद चाळीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. ज्या डोंगरात ही सायकल जन्मली, तिथेच ती पाहुणी ठरली. चालणाऱ्यांचेही चुकत नाही; आंधळ्या वळणावर अंगावर आलेली सायकल मी त्या दिवशी दोनदा पाहिली. पण सगळा दोष चाकावर टाकणे मला पटत नाही. चाकासाठीच तर ही वाट कोरली गेली.

माथ्याजवळच्या एका कोठीत त्या बिनएंजिनाच्या गाडीची प्रतिकृती ठेवली आहे. ब्रेकवाल्याची जागा पाहून मला त्या अनामिक माणसाचा हेवा वाटला. त्याच्या गाडीला निदान रूळ होते. मग मी उतरायला लागलो. पहिला मैल दोन्ही ब्रेक आवळून, दुसरा एकच आवळून, आणि तिसऱ्यात केव्हातरी वारा कानांत शिरला आणि मी ब्रेक विसरलो. पुन्हा आठवले ते वळणावर, बरेच उशिरा. खडीत मागचे चाक फरपटले, पण पडलो नाही.

खाली आल्यावर मागच्या चाकाच्या चकतीला बोट लावले, तर चटका बसला. पुतणी हसून म्हणाली, "काय काका, ग्रीस भरायचं का?"