साथरोगातील लोककर्तव्य आणि राजकर्तव्य : सुरत, १९९४

प्राणघातक साथ पसरली असता व्यक्तीने आपल्या संचारावर कितपत बंधन मानावे, आणि ते बंधन घालणाऱ्या सरकारने तिच्या पोटापाण्याचा व औषधोपचाराचा कोणता भार उचलावा, या नीतिप्रश्नाची स्वतंत्र भारतातील एक कठोर कसोटी सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत लागली. त्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन काठच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि पाणी ओसरले तेव्हा घरांत गाळ व रस्त्यांवर जनावरांची कलेवरे उरली. बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्टमध्येच गाठीचा प्लेग दिसला होता. इकडे सुरतेत गणेशविसर्जन आटोपते न आटोपते तोच वेड रोडच्या मजूरवस्तीतून तापाने फणफणलेले, रक्तमिश्रित थुंकी पडणारे रुग्ण सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले, आणि फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता शहरभर झाली.

चार-सहा दिवसांत लाखो लोक बाहेर पडले. यंत्रमागावर राबण्यासाठी खानदेशातून येऊन लिंबायत-उधना भागात स्थिरावलेली मराठी बिऱ्हाडे तोंडाला रुमाल बांधून नंदुरबार-जळगावच्या गाड्यांत शिरली. प्लेगवर चालणाऱ्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली, आणि भरती झालेले काही रुग्णही वॉर्डातून निघून गेले. या पळापळीला सरसकट भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याची मजुरी माग थांबताच थांबते, ज्याच्या खोलीत आजाऱ्याला निराळे ठेवण्यास कोपरा नाही, आणि खरे काय ते ज्याला कोणत्याही अधिकाऱ्याने वेळेवर सांगितले नाही, त्याने गावाकडची वाट धरली तर त्याचा दोष कुलूप लावून गेलेल्या वैद्याच्या दोषाशी तोलता येत नाही. कारण वैद्याने ज्ञानाबरोबर एक जबाबदारी पत्करलेली असते. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. तसा त्याग प्रत्येकाकडून हक्काने मागता येणार नाही. परंतु ज्यांनी वैद्यकीची सनद घेतली त्यांनी निदान आपल्या जागी उभे राहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

सरकारी आकड्यांनुसार मृत्यू सुमारे पन्नासच झाले. रोगाच्या निदानाबद्दल वाद माजला असता डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. मे १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वातानुकूलित दालनांतून काढून प्रत्यक्ष वस्त्यांत धाडले, रात्रीची झाडलोट चालू केली, घाण करणाऱ्यांना दंड ठोठावले आणि अतिक्रमणे हटविताना धनिकांचीही भीड ठेवली नाही. दंडाला नैतिक वजन आले ते यामुळे, की दंड करणारा आधी स्वतः गटारीपाशी उभा राहिलेला लोकांनी पाहिला होता.

साथीचा प्रश्न झाडलोटीपुरता नाही, तो घरांचाही आहे. कोसाड हे तापीच्या उत्तरेचे, पश्चिम रेल्वेवरील स्थानक असलेले ठिकाण १९९४ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर होते. २००६ च्या हद्दवाढीत ते महापालिकेत आले आणि झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी तेथे ‘कोसाड आवास’ ही विस्तीर्ण वसाहत उभारण्यात आली. साथीतल्या अंतराचा उपदेश अशा दाटीच्या वसाहतीत कितपत पाळता येईल, याचा विचार घरे बांधतानाच व्हावयास हवा. साथ आल्यावर तो करणे उशिराचे ठरते. २०२० च्या कोविड टाळेबंदीत याच शहरातील लसकाणा भागात ओडिशाचे मजूर १० एप्रिल रोजी थकलेली मजुरी आणि गावी जाण्याची मुभा मागत रस्त्यावर उतरले, तेव्हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला.

या सर्व काळात सरकारच्या हाती असलेले एक प्रमुख आयुध म्हणजे १८९७ चा साथरोग कायदा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली सोल्जरांनी घरे धुंडाळली ती त्याच साली. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी जबर शिक्षा घातली गेली, आणि ती रास्तच आहे. मात्र या कायद्याचे तिसरे कलम हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगते, चौथे कलम हुकूम बजावणाऱ्यास फिर्यादीपासून संरक्षण देते, आणि कोंडून ठेवलेल्या माणसाच्या मजुरीची, शिध्याची वा औषधाची तजवीज कोणी करावी याविषयी एकही कलम त्यात आढळत नाही.