पाऱ्याची नळी आणि दोन कार्ब्युरेटर

१ एप्रिल २०२० नंतर भारतात बीएस-४ वाहने विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला. बीएस-६ची मर्यादा गाठण्यासाठी बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले आणि कार्ब्युरेटर निवृत्त झाला. त्याच्याबरोबर एक घरगुती कौशल्यही विस्मरणात चालले आहे. दोन किंवा चार कार्ब्युरेटर एका तालात आणणे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘सिंक’ करणे. या कौशल्याची पाळेमुळे मात्र मोटारसायकलीहून सुमारे अडीचशे वर्षे जुनी आहेत.

तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा आपला प्रयोग १६४४ सालच्या पत्रात वर्णिला. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच पात्रात उलटी धरली, तर सुमारे ७६ सेंटीमीटरचा स्तंभ उभा राहतो. दाब अशा रीतीने प्रथमच लांबीच्या एककात मोजता आला. पुढे १७३८ मध्ये दानिएल बर्नूलीचा द्रवगतिशास्त्रावरील ग्रंथ आला, १७९७ मध्ये व्हेंतुरीने अरुंद होणाऱ्या नळीतील प्रवाहाविषयी लिहिले, आणि १८९३ मध्ये जर्मनीत मायबाख तसेच बुडापेस्टमध्ये बांकी व चोन्का यांनी पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. (फुलवालीच्या फवाऱ्यावरून बांकीला ही कल्पना सुचल्याची कथा गोड आहे, ती दंतकथा म्हणूनच वाचावी.)

एकाच कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीत सिंकचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उभा राहतो प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर मिळाल्यावर: १९५९च्या ट्रायम्फ बॉनव्हिलला दोन, १९६९च्या होंडा सीबी ७५०ला चार. होंडाच्या सुरुवातीच्या गाड्यांत एका केबलच्या चार शाखा केलेल्या होत्या. त्या समान ताणात ठेवणे अवघड, म्हणून पुढे चारही कार्ब्युरेटर एका दांड्याने जोडले गेले. आपल्याकडे ही डोकेदुखी अनेकांनी प्रथम अनुभवली ती १९८३ पासून फरिदाबादला बनणाऱ्या राजदूत ३५०वर. एअर फिल्टर काढायचा, दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडात एकेक बोट ठेवायचे, थ्रॉटल हळूच पिळायचा आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे बोटांना विचारायचे, अशी तिची रुळलेली रीत.

बोटांना जाणवेल इतका सूक्ष्म फरक खरोखर महत्त्वाचा असतो का? आयडलिंगला असतो. तेव्हा थ्रॉटल केसभरच उघडा असतो. त्या केसभर फटीत किंचित कमीअधिक म्हणजे हवेच्या प्रमाणात मोठाच फरक. पूर्ण उघडल्यावर तोच फरक नगण्य ठरतो. म्हणून बेताल गाडी सिग्नलपाशी थरथरते आणि महामार्गावर शहाण्यासारखी वागते.

चार-स्ट्रोक इंजिनात ही तुलना थ्रॉटलपलीकडच्या व्हॅक्यूमने करता येते, आणि इथे तोरिचेल्ली पुन्हा भेटतो. कित्येक वर्षे गॅरेजांत पाऱ्याच्या चार उभ्या नळ्यांचे साधन वापरले जाई. इंजिनाने तो पारा ओढून घेतला, तर त्याची विषारी वाफ एक्झॉस्टमधून बाहेर. २०१३चा मिनामाता करार २०१७ मध्ये अंमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला; पाऱ्याचे मॅनोमीटर त्याच्या बंदीयादीत आहेत.

घरी मात्र पाऱ्याची गरजच नाही, कारण आपल्याला दाब मोजायचा नाही, दोन दाबांतील फरक शून्यावर आणायचा आहे. तराजूत दोन्ही पारडी समान आहेत हे कळायला वस्तूचे वजन कळावे लागत नाही, तसेच हे. पारदर्शक नळीचा यू आकार, त्यात थोडे इंजिन ऑइल, दोन टोके दोन व्हॅक्यूम-पोर्टना. तेल पाऱ्याहून सुमारे १५ पट हलके, म्हणून पाऱ्यात १ मिलिमीटर दिसणारा फरक इथे दीड सेंटीमीटर दिसतो. बाजारातील घड्याळी गेजांपेक्षा ही नळी मला अधिक विश्वासार्ह वाटते: दोन गेजांची परस्परांतील चूक इथे उद्भवतच नाही.

हीच संवेदनशीलता घात करते. आयडलिंगला व्हॅक्यूम पाऱ्याच्या २०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तेलात त्याला तीन मीटर उंची लागेल. एक टोक निसटले की दुसरा सिलिंडर सारे तेल पिऊन टाकतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच झाले, आणि शेजाऱ्यांना आग लागल्याचा भास झाला. तेव्हा आधी इंजिन बंद असताना एकाच जाडीची तार फटीत घालून दोन्ही थ्रॉटल ढोबळमानाने जुळवावेत. प्रत्येक शोषस्ट्रोकबरोबर तेल नाचते. नळीत बारीक छिद्राची अडचण घातली की ते शांत होते. रोध व धारित्राचा गाळणी-परिपथ शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल.

काम मोकळ्या हवेतच करावे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन गरम हवे, टॅपेट आधीच जुळवलेले हवेत. तेल ज्या बाजूला चढते तिथला थ्रॉटल जास्त बंद आहे. दोन्ही कार्ब्युरेटरांमधील स्क्रू पाव फेरा फिरवावा आणि थांबून पाहावे. चार कार्ब्युरेटर असतील तर आधी दोन जोड्या आपापसांत, मग मधल्या स्क्रूने जोडीशी जोडी. पातळी समान झाली की आयडलिंग बहुधा आपोआप वाढते, कारण सिलिंडर आता एकमेकांना ओढत नाहीत. आयडल-स्क्रू तेवढा सैल करून ते पुन्हा खाली आणावे लागते.