फुटबॉल, हॉकी आणि प्रेक्षकांचा धर्म

खेळांचे इतिहास बहुधा खेळाडूंचेच असतात. कोणीं किती गोल केले, कोणत्या सालीं कोणता चषक कोणीं जिंकला, ह्याची नोंद राहते. परंतु मैदानाच्या कडेला उन्हापावसांत उभ्या राहणाऱ्या समुदायाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिली-अंकांत खेळांविषयीं चार शब्द लिहावयाचे ठरलें, तेव्हां त्या विस्मृत समुदायाकडेच आमचें लक्ष गेलें. कारण उघड आहे. आपल्यांत मैदानांत उतरणारे थोडे आणि कडेला उभे राहणारे फार.

फुटबॉल व हॉकी हे दोन्ही खेळ आपल्या देशांत गोऱ्या पलटणींबरोबर आले. मुंबईस रोव्हर्स चषकाचे सामने सन १८९१ मध्यें आणि आगाखान चषकाचे हॉकीचे सामने सन १८९६ मध्यें सुरू झाले. रोव्हर्स चषक पुष्कळ वर्षें पलटणींच्याच हातीं राहिला. तो हिंदी संघानें प्रथम जिंकला सन १९३७ मध्यें, आणि तो संघ बंगलोर मुस्लिम्स हा होय. आपल्या मुलांपर्यंत हे खेळ मुख्यत्वें मिशनच्या शाळांतून पोहोंचले.

ज्यानें एकदां सामना प्रत्यक्ष पाहिला, त्यास वर्तमानपत्रांतील वृत्तान्त फिका वाटतो. आम्हीही तरुणपणीं कूपरेजच्या गर्दींत उभे राहून सामने पाहिले आहेत. फुटबॉलचा चेंडू मोठा. तो शेवटच्या रांगेंतील माणसासही दिसतो, म्हणून सारा समुदाय एकाच श्वासानें उसळतो व एकाच श्वासानें खालीं बसतो. हॉकीचें तसें नव्हे. चेंडू लहान व अति वेगवान. तो पुष्कळदां दिसतच नाहीं, फळीवर आपटल्याचा आवाज होतो आणि मग गोल झाल्याचें कळतें. म्हणून हॉकीचा जाणता प्रेक्षक चेंडूपेक्षां काठीकडे व खेळाडूच्या खांद्याकडे पाहावयास शिकतो.

प्रेक्षकांचें बळ आपल्या देशानें प्रथम पाहिलें तें कलकत्त्यास. ता. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मैदानांत ज्यांना कांहीं दिसत नव्हतें, त्यांना पतंग उडवून गोलांची वार्ता कळविली गेली. अकरांपैकीं दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी हे ख्रिस्ती होते, हें आमच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. त्या दिवशीं समुदायानें खेळाडूंस धीर दिला आणि खेळाडूंनीं समुदायास स्वाभिमान दिला.

ह्याच्या उलट गोष्ट मुंबईची. सन १९२८ च्या मार्चमध्यें हिंदी हॉकी संघ ऑलिंपिकसाठीं ह्या बंदरांतून निघाला. निघण्यापूर्वीं मुंबईच्या संघानें त्यास ३-२ असें हरविलें होतें. त्यामुळें निरोप देण्यास धक्क्यावर अवघीं तीन माणसें होतीं. त्याच संघानें ॲम्स्टरडॅम येथें पांच सामन्यांत २९ गोल केले, स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं, आणि सुवर्णपदक आणिलें. परत आल्यावर तोच धक्का माणसांनीं फुलून गेला! विजयानंतर जमणें सोपें. निघतांना जमलेले तिघे आम्हांस अधिक मोठे वाटतात.

पुढें आपल्या समाजाचीं नांवें त्या यादींत ठळक झालीं. ता. १२ ऑगस्ट १९४८ रोजीं वेंब्ले येथें ग्रेट ब्रिटनचा ४-० असा पराभव झाला, त्या वर्षींच्या संघांत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ हे होते. सन १९५६ मध्यें मेलबर्न येथें नेव्हिल डिसोझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. त्या विजयानें भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरींत पोहोंचला; आशियांतील कोणताही संघ तोंवर तेथें पोहोंचला नव्हता.

परंतु इतिहास सांगावयाचा तर कडू भागही सांगितला पाहिजे. ता. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली व १६ जीव गेले. ते घरून खेळ पाहण्यासाठीं निघाले होते. पुढें सन १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत पाकिस्ताननें आपल्या हॉकी संघास ७-१ असें हरविलें, तेव्हां गोलरक्षक मीररंजन नेगी यांजवर लोकांनीं पुराव्यावांचून लाच घेतल्याचा आळ घेतला. आठव्या आज्ञेचा भंग केवळ न्यायालयांत होतो असें नव्हे. तो मैदानाच्या कडेलाही होतो. नेगी यांनीं मात्र खेळ सोडला नाहीं. सन २००२ मध्यें मँचेस्टर येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या महिला संघाच्या शिक्षकवर्गांत ते होते. आणखी एक गोष्ट. त्याच सन १९८२ च्या स्पर्धेंत पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखालीं महिलांनीं हॉकीचें सुवर्णपदक जिंकलें होतें. पण पुरुषांच्या पराभवाच्या रागांत तें पुष्कळांच्या ध्यानांतही राहिलें नाहीं. क्रोधानें मनुष्य असा आंधळा होतो.

असो. रोव्हर्स चषकाचे सामने ह्या शतकाच्या आरंभींच बंद पडले. आतां पुष्कळजण घरीं बसूनच परदेशांतील सामने पाहतात. त्यांत दोष नाहीं. परंतु पडद्यावरील खेळाडूस आपला आवाज ऐकूं जात नाहीं, आपल्या गांवच्या मुलास मात्र जातो. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना धांवणाऱ्याचा दृष्टान्त घेतला, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तर धांवणाऱ्याभोंवतीं पूर्वजांचा मोठा समुदाय साक्षी म्हणून उभा असल्याचें वर्णन आहे. पाहणाऱ्यालाही कर्तव्य आहे, असेंच त्यावरून आम्हीं समजतों.

तरी प्रिय धर्मबंधुभगिनींनो, देवळामागच्या मैदानावर रविवारीं आपलीं मुलें व मुली खेळतात, तेव्हां मिस्सा आटोपल्यावर अर्धा तास तेथें थांबावें. चांगल्या खेळास, तो प्रतिपक्षाचा असला तरी, टाळी द्यावी. पंचास शिवी देऊं नये. हरलेल्या मुलाच्या पाठीवर प्रथम हात ठेवावा. मागल्या पिढ्यांनीं हें देऊळ बांधलें व त्याभोंवतींची जागा मोकळी राखली. ती जागा माणसांनीं भरलेली ठेवणें आपल्याकडे आहे. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं परमेश्वर आम्हां सर्वांस तशी बुद्धि देवो.