घड्याळामागचा दिवा

डेव्हिड ओगिल्वी यांनी १९५८ साली रोल्स-रॉइससाठी लिहिलेल्या जाहिरातीला जाहिरातलेखनाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. ताशी साठ मैलांच्या वेगाने धावणाऱ्या या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा, असा तिच्या शीर्षकाचा आशय. त्या एका वाक्याने मोटारीतले घड्याळ लोकांच्या कानी पोहोचले. रात्री ज्याच्यामुळे ते डोळ्यांना दिसते, तो तबकडीमागचा बल्ब मात्र अनुल्लेखितच राहिला.

त्या काळच्या अनेक मोटार-घड्याळांत एक लहानशी कमान असे. ती सैल पडली की विद्युतचुंबक तिला पुन्हा ताण देई आणि तेवढ्यापुरता 'टक्' असा आवाज होई. १९७०च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे आली आणि ही यंत्रणा मागे पडली. घड्याळाचे अंतरंग असे बदलले तरी तबकडी उजळण्यासाठी मागे बल्ब लागतच असे. त्याचे आयुष्य ठरलेले. तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून धातूची वाफ होत राहते, काच आतून काळवंडते, तार बारीक होत जाते आणि एके रात्री तुटते. घड्याळ चालूच असते. फक्त ते दिसत नाही.

१९७६ साली आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ या मालिकेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. वेगमापकाच्या उजवीकडे घड्याळ. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मापक असेल तर त्याच्याच तबकडीत लहान घड्याळ. उजेड गेला की जाणता माणूस प्रथम उजेड कमीजास्त करणारी कळ दोन-चार वेळा फिरवून पाहतो, कारण पुष्कळदा दोष बल्बात नसून त्या कळीच्या गंजलेल्या संपर्कांत असतो. तेवढ्याने भागले नाही, तर बॅटरीची तार सोडवून मीटरचा संच बाहेर काढायचा. तो स्क्रूने जखडलेला नसतो, डॅशबोर्डच्या खाचेत घट्ट बसवलेला असतो. दोन बाजूंनी आकडे घालून अलगद ओढला की पुढे येतो. वेगमापकाची केबल सोडवायची, मागचा होल्डर किंचित फिरवून काढायचा, जुना बल्ब उपसून नवा बसवायचा. काम एवढेच.

साहित्याच्या अभ्यासकाने या होल्डरकडे संहितेसारखे पाहावे. प्रत्येक संहितेत एक वाचक गृहीत धरलेला असतो. या रचनेत दुरुस्ती करणारा गृहीत धरलेला आहे. ही वस्तू कधीतरी बिघडेल आणि तेव्हा कुणाचा तरी हात इथवर पोहोचेल, हे निर्मात्याने आधीच मान्य केले आहे. फिरवून निघणारा होल्डर हा त्या मान्यतेचा लेखी नव्हे, पण पक्का पुरावा होय.

डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नव्हे, तर वापराचा आणि देखभालीचाही असावा, असे प्रतिपादन केले. घड्याळाचा बल्ब हे त्याचे छोटे, पण चपखल उदाहरण ठरावे. पुढे एलईडी आले आणि अनेक गाड्यांत ते थेट सर्किटच्या पाटीवर डाग देऊन बसवले गेले. ते फार काळ टिकतात आणि वीजही थोडी घेतात. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एलईडी गेलाच, तर बदलण्यासाठी होल्डर नसतो. कुणी कुशल कारागीर डाग उकलून तो बदलतो, नाहीतर अख्खा संचच बदलावा लागतो. वस्तू अधिक टिकाऊ झाली, पण तिच्यातली मालकाच्या हाताची जागा गेली.

शोधांच्या सनावळीत ही जागा सापडत नाही. ती शोधायची तर मीटर पुढे ओढून त्याच्या पाठीकडे पाहावे लागते.