शेजारचे झाड नात्यातले असते का?

जंगलात जवळजवळ वाढलेली एकाच जातीची झाडे पुष्कळदा परस्परांची नातलग असतात. झाडाच्या बहुतांश बिया त्याच्याच आसपास पडून रुजतात. त्यामुळे आई, तिची संतती आणि भावंडे यांची एकाच ठिकाणी वस्ती होते. अंतर वाढते तसे हे जनुकीय साम्य कमी होत जाते.

नातलग झाडांमध्ये परागण होणे हा अंतःप्रजननाचाच एक प्रकार होय. प्रत्येक झाडात काही सदोष जनुके सुप्त असतात. जोडीतील दुसरे जनुक निर्दोष असेल, तर सहसा दोष प्रकट होत नाही. आईवडील एकाच कुटुंबातील असल्यास मात्र तेच सदोष जनुक दोघांकडूनही येण्याचा संभव वाढतो. अशा बियांची रोपे खुरटतात किंवा लवकर मरतात.

जंगलाचे तुकडे झाल्यावर काय घडते, याचे बोलके उदाहरण कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात आढळते. तेथे कॉफीच्या मळ्यांमध्ये विखुरलेल्या वनखंडांत 'डिसॉक्सिलम मलबारिकम' हा कडुनिंबाच्या कुळातील उंच, दुर्मिळ वृक्ष वाढतो. शास्त्रज्ञांनी २१६ चौरस किलोमीटर क्षेत्रातील या वृक्षांच्या डीएनएची तपासणी करून बियांचे पितृत्व निश्चित केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष अनपेक्षित होते. अगदी एकाकी उभ्या असलेल्या झाडांना अनेकदा पाच किलोमीटरपेक्षाही दूरचे, विविध झाडांचे पराग मिळत होते. याउलट, ज्या वनखंडांत या जातीची मोजकीच झाडे उरली होती, तेथे जवळच्या झाडांशी आणि पर्यायाने नातलगांशी संयोग होण्याचे प्रमाण वाढले होते. त्यानंतर रोपवाटिकेत वाढवलेल्या २९७ रोपांचा अभ्यास झाला. विरळ वनखंडांत नातलगांच्या संयोगातून निर्माण झालेली रोपे वाढीत मागे पडल्याचे २०१४ मध्ये स्पष्ट झाले.

म्हणजेच, जुने वृक्ष दिमाखात उभे आहेत, फुलत-फळत आहेत, एवढ्यावरून जंगल सुरक्षित आहे असे मानता येत नाही. मोठे वृक्ष दीर्घायुषी असल्याने हा ऱ्हास अनेक वर्षे नजरेस येत नाही. तो पुढच्या पिढीत उमटतो. वृक्षलागवडीसाठी बिया गोळा करतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. एकाच झाडाच्या किंवा एकाच घोळक्याच्या बियांवर विसंबल्यास नव्या जंगलात सारी भावंडेच लावली जातात. म्हणून परस्परांपासून दूर असलेल्या अनेक झाडांच्या बिया एकत्र करणे हिताचे ठरते.